अनुदान मिळेल हो, पण कशासाठी?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बायरॅक या सरकारी कंपनीच्या अनुदानाबद्दल ओझरतं काय लिहिलं, पत्रांचा नुसता पाऊस पडला. त्यातली कर्करोग लवकर ओळखणाऱ्या अ‍ॅप-यंत्रांबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

ताई, मी लातूरकडचा दंतवैद्य. मावा-गुटख्यानं सडलेली तोंडं रोज बघतो. इंजिनिअर मित्राबरोबर एक अ‍ॅप केलंय. मोबाइलनं तोंडातला फोटो काढायचा, संशयास्पद चट्टा आहे का ते अ‍ॅप सांगतं. माझ्याच दवाखान्यातले सहाशे फोटो वापरून ते शिकवलं. अचूकता ९४ टक्के येते. सरकारी अनुदान कुठून मिळेल, किती मिळेल, कंपनी काढावी लागेल का, आणि अर्जात काय लिहू?

डॉक्टर, आधी कोरडी माहिती. तुम्हाला हवी ती योजना म्हणजे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट; या वर्तुळात तिला सगळे 'बिग'च म्हणतात. ती देते बायरॅक, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०१२ मध्ये उभी केलेली सरकारी कंपनी. रक्कम ५० लाखांपर्यंत, मुदत १८ महिने. अर्ज वर्षातून दोनदा घेतात, १ जानेवारी आणि १ जुलैपासून, आणि खिडकी साधारण दीड महिना उघडी असते. हे कर्ज नव्हे आणि त्या बदल्यात सरकार तुमच्या कंपनीत हिस्साही मागत नाही. एकट्या माणसालाही अर्ज करता येतो, मात्र निवड झाली की एखाद्या मान्यताप्राप्त इन्क्युबेटरचा, म्हणजे नवख्या कंपन्यांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्राचा, आधार घ्यावा लागतो. कंपनी असेल तर निदान ५१ टक्के शेअर भारतीय नागरिकांच्या हातात हवेत. आपल्याकडे पुण्यात एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, आवारातलं व्हेंचर सेंटर 'बिग'चं भागीदार केंद्र आहे. अर्ज भरण्याआधी तिथल्या माणसांशी बोलून घ्या.

आता मुद्द्याचं. अर्ज वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकाच ठिकाणी. माणसं लिहितात, 'आम्हाला अ‍ॅप पूर्ण करायचंय, म्हणून पैसे द्या.' सरकार अ‍ॅप विकत घेत नाही. 'बिग'चा पैसा एका प्रश्नाचं उत्तर मिळवायला असतो: ही कल्पना खरोखर चालते का? १८ महिन्यांनी 'हो' किंवा 'नाही' असं छातीठोक सांगता येईल, इतका लहान प्रश्न तुम्हाला मांडता आला पाहिजे. 'मराठवाडा कर्करोगमुक्त करणे' हा प्रश्न नाही, ते भाषण झालं.

तुमच्या ९४ टक्क्यांकडे येऊ. समजा, गावात हजार जण तपासले आणि त्यातल्या वीस जणांच्या तोंडात खरोखर चट्टा आहे. एखादं अ‍ॅप डोळे मिटून हजारही जणांना 'काही नाही, जा घरी' म्हणालं, तरी ते ९८ टक्के अचूक ठरतं! म्हणून निवड करणाऱ्या पॅनेलवरचा पहिला जाणकार अचूकता विचारणारच नाही. तो विचारेल, वीसपैकी किती धरले आणि बिनचट्ट्याच्या ९८० पैकी किती जणांना उगाच घाबरवलं? दोन्हीकडे ९० टक्के धरा, हिशेबाला सोपं. वीसपैकी अठरा सापडतील, दोघं निसटतील. आणि निरोगी ९८० पैकी ९८ जणांना अ‍ॅप 'संशयित' म्हणेल. म्हणजे तालुक्याला पाठवलेल्या ११६ माणसांत ९८ विनाकारण रोजगार बुडवून आलेली. हा हिशेब अर्जात तुम्ही स्वतःहून मांडलात तर समोरचा सरसावून बसतो. तो त्यांना काढायला लागला की अर्ज खाली जातो.

दुसरं, त्या सहाशे फोटोंत चट्टा आहे की नाही हे ठरवलं कुणी? तुम्हीच ठरवलं असेल तर अ‍ॅप कर्करोग ओळखायला शिकलेलं नाही, तुमचा डोळा ओळखायला शिकलंय. संशयितांची बायोप्सी आणि पॅथॉलॉजिस्टचा रिपोर्ट हवा. ज्या फोटोंमागे रिपोर्ट नाही ते बाजूला काढा, मग उरतील ते मोजा. फोटो काढताना पेशंटची लेखी संमती घेतली होती का, आणि ती उपचारापुरती होती की संशोधनासाठीही? इथे बरेच डॉक्टर गप्प होतात. एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनात माणसांचं हित जपलं जातंय का ते बघणाऱ्या समितीच्या, मंजुरीशिवाय पुढचा एक फोटोही काढू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) २०२३ मध्ये आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिकतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती एका रविवारात वाचून होतात. शिवाय त्याच वर्षीचा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आहेच.

तिसरी गोष्ट मी शिबिरात उभी राहून पाहिलेली. तुमच्या दवाखान्यात खुर्ची मागे झुकते, वर दिवा असतो, सहायक गाल ओढून धरते. शाळेच्या वर्गात भरलेल्या शिबिरात ट्यूबलाइट भिंतीवर आणि माणूस बाकावर. वर्षानुवर्षं मावा खाल्लेल्याचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. फोन आत जातच नाही! आरोग्यसेविका चमच्याच्या दांड्यानं गाल बाजूला करते, दुसऱ्या हातात फोन, फ्लॅश थुंकीवर चमकतो आणि फोटोत एक पांढरा झोत येतो. तुमचं अ‍ॅप त्याला चट्टा म्हणणार. कात-चुन्याचा थर असेल तर तोही चट्टा. म्हणून आधी चूळ भरायला लावायची, हे साधं कलमही प्रोटोकॉलमध्ये लिहा. ज्यांच्या अर्जात चूळ असते त्यांनी शिबिर पाहिलेलं असतं.

आणि तुमची तुलना कुणाशी? तिरुवनंतपुरम जिल्ह्यात तेरा पंचायतींमध्ये प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले: तंबाखू किंवा दारूचं व्यसन असणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. म्हणजे बॅटरी आणि शिकवलेला माणूस एवढ्या भांडवलावर हे झालं. तुमचं अ‍ॅप त्या माणसापेक्षा काय जास्त देणार, याचं उत्तर तयार ठेवा. त्याच शहरातल्या एका कंपनीचं ओरलस्कॅन नावाचं हातात धरायचं यंत्र बायरॅकच्या पाठबळावर उभं राहून २०२० मध्ये बाजारात आलं. ते तोंडाच्या आतल्या त्वचेवर ठरावीक प्रकाश टाकून बायोप्सीची जागा सुचवतं. पॅनेलला ते ठाऊक असणार. 'आमच्यासारखं भारतात दुसरं काही नाही' हे वाक्य कृपा करून लिहू नका.

बजेटमध्ये लॅपटॉप आणि क्लाउड यांवर निम्मी रक्कम आणि बायोप्सीवर शून्य असेल तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की तुम्ही सॉफ्टवेअरच्या प्रेमात आहात. पॅथॉलॉजिस्टचं मानधन, नमुन्यांची ने-आण, शिबिराच्या गाडीचं डिझेल, पेशंटचं एसटीचं भाडं, हे सगळं लिहा. पैसे एकगठ्ठा मिळत नाहीत. टप्पा पूर्ण केला, खर्चाचं प्रमाणपत्र दिलं, की पुढचा हप्ता. दोन हप्त्यांच्या मधल्या काळात पगार थकतात आणि चांगली मुलगी नोकरी सोडून जाते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तीन महिन्यांचे पगार स्वतःच्या खिशातून भागतील एवढी सोय करूनच उतरा. अनुदानाचं बँक खातं वेगळं, त्यातून घरचं वीजबिल भरायचं नाही. हसू नका, भरतात.

परवान्याचं थोडक्यात: निदान सुचवणारं सॉफ्टवेअर कायद्यानं वैद्यकीय उपकरण ठरतं. २०१७ चे नियम १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरसकट सगळ्या उपकरणांना लागू झाले. धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बी चा उत्पादन परवाना राज्याकडे, सी आणि डी चा केंद्राकडे. तुमचं अ‍ॅप कुठल्या वर्गात बसेल हे अर्जाआधी जाणकाराकडून लिहून घ्या. ५० लाखांत परवान्यापर्यंत पोचू, असं मात्र गृहीत धरू नका.

ताईंस सप्रेम नमस्कार. मी नाशिकचा निवृत्त कर्मचारी. मुलानं स्तनांच्या तपासणीसाठी काही यंत्र बनवलं आहे. एक सल्लागार म्हणतो, चाळीस हजार आगाऊ द्या आणि अनुदान आल्यावर दहा टक्के, काम होण्याची हमी माझी. द्यावेत का?

नाही. अर्ज ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. निवड तज्ज्ञ समिती करते, तिथे मुलालाच उभं राहून उत्तरं द्यायची आहेत, सल्लागाराला नव्हे. आणि ते दहा टक्के खर्चाच्या प्रमाणपत्रात कुठल्या रकान्यात दाखवणार? प्रवासात? रसायनांत? तिथेच मुलगा अडकेल आणि हमीवाला फोन उचलणार नाही. कुणी ठरलेल्या फीमध्ये इंग्रजी सुधारून देत असेल तर जरूर घ्या, आपल्या पैशानं.

मॅडम, मी धाराशिव जिल्ह्यातली गटप्रवर्तक. पुण्या-मुंबईची मुलं येतात, अ‍ॅप दाखवतात, आशांबरोबर फोटो काढतात आणि जातात. आमच्या फोनमध्ये आधीच इतकी अ‍ॅप आहेत की फोन तव्यासारखा तापतो. तपासणीत एखादी बाई संशयित निघाली तर पुढे तिचं काय होतं हे कुणी विचारत नाही. या अनुदानवाल्यांना हे सांगणार कोण?

ताई, तुम्हीच सांगितलंत, आणि म्हणून पत्र जसंच्या तसं छापलंय. वरच्या दंतवैद्यांनीही वाचावं.

इतरांसाठी थोडी पार्श्वभूमी. राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाच्या, आणि बायकांची स्तनांच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी व्हायची असते. आशा घरोघरी जाऊन 'सीबॅक' फॉर्म भरते: तंबाखू खाता का, तोंडात न भरणारी जखम आहे का, स्तनात गाठ लागते का, अंगावरून अवेळी जातं का. मग उपकेंद्रात तपासणी. गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढे पाठवायचं. इथपर्यंत कागद चोख असतो.

पुढे काय होतं ते तुम्ही रोज बघता. ज्या बाईला काही दुखत नाही, तिला सांगायचं की तालुक्याला जा. सोयाबीनची काढणी चालू असते, म्हशीची धार कोण काढणार, नवरा म्हणतो 'दिवाळीनंतर बघू', सासू म्हणते 'एवढी धडधाकट तर आहेस'. गेलीच तर त्या दिवशी डॉक्टर ट्रेनिंगला. पुन्हा गेली तर बायोप्सी, आणि रिपोर्टसाठी आणखी एक खेप. यातल्या कुठल्या तरी वळणावर ती गळते, आणि तपासणीच्या तक्त्यात तिच्या नावापुढची बरोबरची खूण तशीच राहते! माझं ठाम मत आहे: आपल्याकडे रोग ओळखण्याची यंत्रं तुलनेनं बरीच झाली, ओळखल्यानंतरचा रस्ता बांधायला मात्र कुणी अर्ज करत नाही. कारण त्यात फोटो छान येत नाहीत.

आणि तुमच्या जिल्ह्याचं तर जगात नाव आहे, हे तुमच्या आशांना सांगा. जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा त्यात होतं. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या तपासणीनं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. सगळे चाचणीचं कौतुक करतात. पण जिच्यात दोष निघाला तिला तपासून उपचारांपर्यंत नेण्याची व्यवस्था त्या अभ्यासाचाच भाग होती, ते कुणी सांगत नाही. गावात जाऊन बायकांना तयार कुणी केलं असेल हे तुम्हाला सांगायला नको.

आता कामाचं. पुढच्या वेळी कुणी मुलं आली तर तीन गोष्टी विचारा. आशांच्या वेळेचा मोबदला बजेटमध्ये लिहिलाय का? तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र आणलंय का? आणि अनुदान संपल्यावर हे अ‍ॅप कोण चालवणार? उत्तरं नसतील तर चहा पाजा आणि वाटेला लावा. आणखी एक दार आहे. प्रत्येक एथिक्स कमिटीत वैद्यकशास्त्राबाहेरची, सामान्य माणसांची बाजू मांडणारी एक व्यक्ती असावीच लागते. ती जागा बहुधा कुणाच्या तरी ओळखीतल्या निवृत्त प्राचार्यांना जाते. जवळच्या मेडिकल कॉलेजात चौकशी करा. तुम्ही आरोग्य खात्याशी बांधलेल्या, म्हणून तुम्हाला स्वतःला कदाचित चालणार नाही, पण बचतगटातली एखादी तडफदार बाई का नको?

नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे दोघे इंजिनिअर. तपासणीत संशयित निघालेल्या रुग्णांचा पाठपुरावा करणारं सॉफ्टवेअर करतोय: आठवण देणारा मराठी फोन, तारखेची नोंद, गाडीची सोय. यात बायोटेक काहीच नाही आणि पेटंटही मिळणार नाही असं सगळे म्हणतात. मग आम्ही बाद का?

आधी वरचं पत्र वाचा, आणि मग त्या ताईंसारख्या कुणाला तरी भेटायला आठ दिवस तरी गाव गाठा. तुम्ही योग्य ठिकाणी खणताय.

'बिग'मध्ये वैद्यकीय उपकरणं आणि डिजिटल आरोग्य येतं, त्यामुळे दार बंद नाही. पण नुसतं 'आठवण देणारं अ‍ॅप' म्हणालात तर समिती विचारेल, यात नवीन काय? मघाशी दंतवैद्यांना म्हटलं तेच: प्रश्न लहान करा. काही उपकेंद्रांत तुमची पद्धत, तेवढ्याच उपकेंद्रांत नेहमीची. संशयित निघालेल्यांपैकी ठरलेल्या मुदतीत बायोप्सीपर्यंत किती पोचले? एवढा एकच आकडा मोजा. आणि फोन कुणाच्या हातात असतो ते तपासा. घरातला एकमेव फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर 'आपल्या गर्भाशयाच्या तपासणीची तारीख' हा निरोप शेताच्या बांधावर चारचौघांत वाजेल.

पेटंटबद्दल लोक म्हणतात ते बऱ्याच अंशी खरं. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३ नुसत्या संगणक प्रोग्रॅमला आणि अल्गोरिदमला पेटंट देत नाही, निदानाच्या पद्धतीलाही नाही. पण म्हणून अर्ज बाद होत नाही. कोड आणि माहितीवरचा हक्क तुमचाच आहे एवढं दाखवता आलं पाहिजे. नोकरी करता करता कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिलेला कोड असेल तर आजच सावध व्हा!

निधी-प्रयास ही केंद्राच्या विज्ञान विभागाची दहा लाखांपर्यंतची योजना तुम्हाला कुणी सुचवली असेल. ती हाताला लागणाऱ्या वस्तूच्या नमुन्यासाठी आहे, नुसत्या सॉफ्टवेअरसाठी नाही, तिथे वेळ घालवू नका. २०२१ मध्ये सुरू झालेली स्टार्टअप इंडियाची सीड फंड योजना वीस लाखांपर्यंत अनुदान देते, पण तिची एक मेख आहे. दुसऱ्या सरकारी योजनेतून दहा लाखांपेक्षा जास्त घेतलेल्यांना ती दारात उभं करत नाही. म्हणजे 'बिग' आधी घेतलं की हे दार मिटलं. दोन्हींच्या मागे लागायचं असेल तर क्रम ठरवून लागा, आणि सीड फंडाची खिडकी सध्या उघडी आहे का ते आधी बघून घ्या.

राज्याचाही एक रस्ता आहे. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्यांना अनुदान नव्हे, थेट सरकारी खात्यात काम करून दाखवण्याचा कार्यादेश मिळतो. तुमच्यासारख्यांना मला तो जास्त मोलाचा वाटतो. आरोग्य खात्याच्या आत शिरल्याशिवाय तुमचं सॉफ्टवेअर काही सिद्धच करू शकत नाही. जाता जाता: ग्राहकांचा अंदाज लिहिताना भारताची लोकसंख्या गुणिले पन्नास रुपये असा हिशेब करू नका. एकानं केला होता, समितीतले एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, 'यात मीही धरलोय का?'

काकू, आई तुमचं सदर मला फोटो काढून पाठवते. मी न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर काम करते, मॅमोग्राफीच्या प्रतिमांवरचं सॉफ्टवेअर हाच माझा विषय. इथल्या एसबीआयआर अनुदानासाठी स्वतःची कंपनी काढून अर्ज करू का? पुण्यातला भाऊ तिकडून कोडिंग करेल.

अगं, दोन्ही गोष्टी अडतात. एसबीआयआर हा अमेरिकेचा १९८२ च्या कायद्यानं आलेला कार्यक्रम. ज्या सरकारी संस्था बाहेरच्या संशोधनावर दहा कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च करतात त्यांना त्यातले ३.२ टक्के लहान कंपन्यांसाठी राखावे लागतात. तिथली राष्ट्रीय कर्करोग संस्था त्यातूनच पैसे देते. पण कंपनीची निम्म्याहून जास्त मालकी अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांची हवी. तू त्यात बसत नाहीस. प्रकल्पाची प्रमुख संशोधक होण्यासाठी नागरिकत्वाची अट नाही, पण तुझी मुख्य नोकरी त्या कंपनीत हवी, आणि एच-१बी असताना नोकरी बदलायची तर कागदपत्रं आधी व्हिसाच्या वकिलाला दाखव. शिवाय काम अमेरिकेतच व्हावं लागतं, म्हणजे भावाचं कोडिंग गेलं. हा कायदा मुदतीचा असतो, अमेरिकी संसदेनं ती वेळोवेळी वाढवावी लागते. ३० सप्टेंबर २०२५ ला ती संपली होती, तेव्हा सध्याची स्थिती पाहूनच पाऊल टाक.

उलट बाजूनं बघ. तुझा पासपोर्ट अजून भारतीय आहे ना? मग पुण्यात भावानं कंपनी काढली तर तुझे शेअरही 'बिग'साठी लागणाऱ्या त्या ५१ टक्क्यांत धरले जातात. काम भाऊ इथे बसून करेल, विषयाची जाणकार तू. मात्र तुझ्या सध्याच्या मालकाशी झालेला करार नीट वाच. नोकरीच्या काळात याच विषयात सुचलेलं सगळं कंपनीचं, असं कलम त्यात बहुतेक असतंच. आणि भावंडं असलात तरी कुणाचे किती शेअर, कोण किती तास देणार आणि उद्या तुला ग्रीन कार्ड मिळालं तर काय, हे सीएकडे बसून लिहून काढा. आई मध्ये पडून मिटवेल, यावर राहू नका.